काही होत नाही!



"यंदा काहीतरी हलकंफुलकं लिही," असं संपादकांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, जत्रेवर लिहितो. त्यांना विषय एकदम पसंत पडला. आता लेख वाचून त्यांचं मत काय होईल ते सांगता येत नाही, पण सुरुवात तरी जत्रेतच होते आहे.

कार्ल्सरूहेत राहणाऱ्यांना 'मेस' म्हणजे काय ते सांगायला नको. मी २००५ साली इथे मास्टर्स करायला आलो तेव्हा एका जर्मन वर्गमित्राने "शनिवारी मेसला जाऊ" म्हटलं, आणि मी बिचारा पोट रिकामं ठेवून गेलो होतो. खानावळ कसली, ती तर जत्रा निघाली! वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, ड्युर्लाखर आलेवरच्या मेसप्लाट्झवर ही जत्रा भरते. आकाशपाळणे, टकरा देणाऱ्या गाड्या, साखळ्यांचे झुले, साखरेत भाजलेल्या बदामांचा वास. काही दिवस गजबज असते आणि मग एके दिवशी ट्रॅममधून पाहावं तर मैदान मोकळं. सगळं लोखंड ट्रकवर चढून पुढच्या गावाला गेलेलं असतं.

गेल्या शरदातल्या मेसला मी माझ्या अकरा वर्षांच्या लेकीला घेऊन गेलो होतो. घड्याळाच्या लंबकासारखा झुलणारा आणि झुलता झुलता स्वतःभोवती फिरणारा एक भला मोठा पाळणा तिने आधीच हेरून ठेवला होता. तिकिटं काढली, रांगेत उभे राहिलो, आमची पाळी आली, खांद्यावरून लोखंडी कड्या खाली आल्या आणि खट्ट करून बसल्या. आणि नेमक्या त्या वेळी तिने विचारलं, "बाबा, हे नीट बसवलंय ना? पडणार नाही ना?"

मी म्हटलं, "अगं, काही होत नाही."

तिचा चेहरा लगेच निवळला. पाळणा सुरू झाला. पुढची तीन मिनिटं ती आनंदाने किंचाळत होती, आणि मी एकच विचार करत होतो की हे मी कशाच्या जोरावर सांगितलं? त्या पाळण्याचा एक बोल्ट मी पाहिला नव्हता. तो कोणी उभा केला, कधी केला, किती झोप झालेल्या माणसाने केला, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. तरीही मी इतक्या खात्रीने "काही होत नाही" म्हटलं, आणि तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. तिचा विश्वास पाळण्यावर नव्हता, माझ्यावर होता.

हे वाक्य मी शिकलो कुठे, तेही आठवलं. मी सातारा जिल्ह्यातला. लहानपणी आमची वर्षातली सगळ्यात मोठी चैन म्हणजे पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा. मार्गशीर्षातली थंडी, नोटांच्या माळांनी झाकलेला रथ, बैलबाजाराची धूळ आणि रात्री दुरून दिसणारी पाळण्यांची रोषणाई. जनरेटरवर चालणारे मोठे आकाशपाळणे होते तसे हाताने फिरवायचे लाकडी पाळणेही होते. दोन पोरं माकडासारखी सरसर वर चढायची आणि आपल्या वजनाने पाळणा खाली ओढायची. सगळं लाकूड कुरकुरायचं. मी आजोबांचं धोतर धरून मागे ओढत होतो, तेव्हा ते म्हणाले होते, "बस रे, काही होत नाही. तो बघ, त्यानं आधी स्वतःचं पोर बसवलंय."

खरंच, पाळणेवाल्याने पहिल्या फेरीला नारळ फोडून आपला मुलगा पुढे बसवला होता. आजोबांच्या दृष्टीने यापुढे पुरावा लागत नव्हता. स्वतःच्या पोराच्या जिवाशी कोण खेळेल? माणसाचं तोंड बघायचं, त्याची नियत ओळखायची आणि बसायचं. त्या दिवशी काही झालं नाही. पुढेही कधी झालं नाही. त्यामुळे ती परीक्षा बरोबर आहे असं माझं मत पक्कं झालं.

आज मात्र वाटतं की पोर बसवण्याने पाळणेवाल्याचा प्रामाणिकपणा सिद्ध होतो, पाळण्याचं लाकूड सिद्ध होत नाही. लाकडाला आतून कीड लागली असेल तर ती बापाच्या मायेला विचारून थांबत नाही.

जर्मनीत याच्या अगदी उलट रीत आहे. इथे कोणी पाळणेवाल्याचं तोंड बघत नाही, कागद बघतात. गावोगाव फिरणाऱ्या अशा पाळण्यांना जर्मन बांधकाम कायद्यात एक फार गोड नाव आहे : 'फ्लीगेंडे बाउटेन', म्हणजे 'उडती बांधकामं'. पाळणा म्हणजे एक इमारतच, फक्त ती एका जागी राहत नाही, असं कायदा मानतो. म्हणून तिला इमारतीसारखीच परवानगी लागते. आराखडे, ताकदीची गणितं, प्रत्यक्ष तपासणी, आणि मग जास्तीत जास्त पाच वर्षांची मुदत. मुदत संपली की पुन्हा तपासणी. प्रत्येक पाळण्याची एक तपासणी-वही असते. ती पाळण्याबरोबर गावोगाव हिंडते आणि त्याच्या साऱ्या दुरुस्त्या, सारे आजार त्यात नोंदलेले असतात. नव्या गावात पाळणा उभा राहिला की तिथल्या बांधकाम खात्याला आधी कळवावं लागतं आणि खातं उभारणी तपासू शकतं. अगदी लहान मुलांच्या बुटक्या, संथ चक्रांना यातून सूट आहे.

या शिस्तीचा उगम आपल्या शेजारीच आहे. १८६५ साली मानहाइममधल्या एका बिअरच्या कारखान्यात बॉयलर फुटला. त्या काळात बॉयलर फुटणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. पण त्यानंतर १८६६ साली मानहाइममध्ये बॉयलरच्या मालकांनीच एकत्र येऊन एक संस्था काढली आणि आपापले बॉयलर तिच्याकडून तपासून घ्यायला सुरुवात केली. आज आपण दर दोन वर्षांनी गाडी घेऊन ज्याच्या दारात धडधडत्या छातीने उभे राहतो, त्या 'ट्यूफ'चं मूळ तिथे आहे. मला यात महत्त्वाचं वाटतं ते मालकांनी दिलेली कबुली. आपल्या स्वतःच्या बॉयलरबद्दल आपलं मत धरण्यासारखं नाही, हे त्यांनी मान्य केलं. कारण "आज बंद ठेवा" म्हटलं की खिसा आपलाच कापला जातो. तपासणारा माणूस असा हवा, की ज्याचं "नाही" म्हटल्याने काही बुडत नाही.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग झालं की! आजोबांचा तोंडावरचा विश्वास भाबडा आणि जर्मनांचा कागदावरचा विश्वास शहाणा. लेखही इथेच संपवता आला असता. पण माझा धंदा आय.टी. सल्लागाराचा. गेली वीस वर्षं मी टेस्ट रिपोर्टांवर सह्या करतो आहे. हिरव्या रंगाने भरलेला तक्ता म्हणजे काय आणि काय नव्हे, याचा मला थोडाफार अनुभव आहे.

अमेरिकेत ओहायो राज्याच्या जत्रेत २६ जुलै २०१७ रोजी 'फायर बॉल' नावाचा फिरता पाळणा चालू असताना मोडला. अठरा वर्षांचा एक तरुण गेला, आणखी सात जण जखमी झाले. त्या दिवशी जत्रेचा पहिलाच दिवस होता, आणि त्याच दिवशी सरकारी तपासनीसांनी तो पाळणा पाहून पास केला होता. नंतर हॉलंडमधल्या उत्पादक कंपनीने सांगितलं की पाळण्याला धरून ठेवणारी तुळई आतून गंजली होती, आणि वर्षानुवर्षं गंजून तिचा पत्रा धोक्याइतका पातळ झाला होता. बाहेरून रंग झकास. वहीत शेरा चांगला. गंज आत. २०१९ साली ओहायोने तपासणीचा कायदा कडक केला. म्हणजे कागद असला तरी तो कोणी, किती खोल पाहून लिहिला, हा प्रश्न उरतोच.

दुसरं उदाहरण आपल्या जर्मनीतलंच. हँबुर्गच्या 'डोम' या मोठ्या जत्रेत १४ ऑगस्ट १९८१ रोजी 'स्कायलॅब' नावाचा पाळणा फिरत असताना शेजारी काम करणाऱ्या क्रेनचा दांडा त्याच्या वाटेत आला. सात माणसं मेली. पाळणा मोडला म्हणून हे झालं नाही. पाळणा वेगळ्याचा, क्रेन वेगळ्यांची, आणि त्या दोहोंमधली हातभर जागा कोणाचीच नव्हती. आमच्या धंद्यात हे रोजचं दुखणं आहे. या प्रणालीत दोष नसतो, त्या प्रणालीतही नसतो. दोष असतो तो दोघींच्या मधे, जिथे दोघांनाही वाटतं की ते दुसऱ्याने पाहिलं असेल.

ती हातभर जागा माझ्या फार ओळखीची आहे. का, ते आता सांगतो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळ्यातला आपला आनंदमेळा आठवत असेल. मिसळ कमी पडली होती तोच. मुलांसाठी आपण एक 'ह्युफबुर्ग' भाड्याने आणला होता, हवा भरून फुगवायचा उड्या मारायचा किल्ला. आपल्याकडच्या जत्रेत पोरं त्याला 'मिकी माऊस' म्हणतात. त्याची जबाबदारी माझ्याकडे होती. ज्यांच्याकडून आणला त्यांनी सहा खुंट्या, एक हातोडा आणि एक सूचनापत्र दिलं. सहाही कोपऱ्यांना दोर बांधून खुंट्या जमिनीत पूर्ण ठोकाव्यात. वारा ताशी ३८ किलोमीटरच्या वर गेला तर मुलं बाहेर काढून हवा सोडावी. एक मोठा माणूस सतत हजर हवा. मी वाचलं आणि सही केली.

ऊन फार होतं, म्हणून आम्ही किल्ला झाडाच्या सावलीकडे सरकवला. तिथे त्याचा एक कोपरा फरसबंदीवर आला. फरशीत खुंटी कशी जाणार? पाच ठोकल्या. सहावा दोर एका लोखंडी बाकाला बांधला आणि बाकावर पाण्याच्या बाटल्यांचे दोन क्रेट ठेवले. मदतीला आलेल्या मित्राने विचारलं, "चालेल ना?" मी म्हटलं, "एका कोपऱ्याने काय होतंय? काही होत नाही."

चारच्या सुमाराला वादळापूर्वीचा तो नेहमीचा वारा सुटला. कागदी प्लेटा उडाल्या, सगळे हसत हसत त्या गोळा करायला धावले. मी किल्ल्यापाशी उभा होतो. माझ्या डोळ्यांदेखत तो फरशीवरचा कोपरा वर उचलला गेला. जास्त नाही, वीतभर. बाक फरशीवर करकरत सरकला. आत दहा-बारा मुलं होती. क्षणभराने कोपरा खाली बसला.

मी ओरडलो, "चला चला, आईस्क्रीम आलंय!" मुलं धडाधड बाहेर पडली. मी पंखा बंद केला. कोणी विचारलं तेव्हा "पाऊस येईलसं वाटतंय" म्हणून सांगितलं. पाऊस आलाच. संध्याकाळी कार्यकारिणीच्या मेलमध्ये "उत्तम नियोजन" असा माझा खास उल्लेख होता. मी उलट मेलने आभारही मानले.

घरी येऊन वाचलं. अशा किल्ल्यांसाठीच्या युरोपीय मानकात, ई.एन. १४९६० मध्ये, प्रत्येक खुंटीने १६०० न्यूटनची ओढ सहन करावी अशी अट आहे. साध्या भाषेत सुमारे १६० किलोचं वजन लटकवल्यासारखी. माझे दोन क्रेट मिळून पस्तीसेक किलोचे असतील. किल्ल्याचे कागद व्यवस्थित होते. हिरवळही व्यवस्थित होती. त्या दोहोंमधला फरशीचा तुकडा माझा होता.

त्या दहा-बारा मुलांत तुमच्यापैकी कोणाकोणाची मुलं होती. माझी होतीच.

आता तुम्ही विचाराल, "पण झालं तर काही नाही ना?" मीही दोन वर्षं स्वतःला हेच विचारत होतो. उत्तर मिळालं ते एका जुन्या निबंधात. विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्लिश गणितज्ञाने १८७७ साली 'द एथिक्स ऑफ बिलीफ' हा निबंध लिहिला. त्यात एका जहाजमालकाची गोष्ट आहे. जहाज जुनं, अनेकदा डागडुजी केलेलं. त्यातून निघाली होती देश सोडून नव्या मुलखात जाणारी कुटुंबं, म्हणजे एका अर्थाने आपल्यासारखीच. मालकाच्या मनात शंका येते. तपासणी करायची तर खर्च येणार. मग तो स्वतःची समजूत घालतो : इतक्या सफरी झाल्या, इतकी वादळं पचवली, याही वेळी नीट जाईल, आणि देव या गरीब कुटुंबांना सांभाळेलच. हळूहळू त्याला ते मनापासून पटतं. जहाज समुद्रात बुडतं आणि तो मुकाट्याने विम्याचे पैसे घेतो.

तो दोषी आहे हे कोणीही सांगेल. पण क्लिफर्ड पुढे विचारतो, समजा जहाज सुखरूप पोहोचलं असतं तर? त्याचं उत्तर असं की मालकाचा दोष तसूभरही कमी होत नाही. फक्त तो उघडकीला येत नाही. प्रश्न जहाजाचं काय झालं हा नाहीच. हाती असलेल्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवायचा त्याला हक्क होता का, हा आहे.

हे वाचलं आणि माझी पळवाट बंद झाली. मालकाचा विश्वास प्रामाणिक होता, माझाही होता. आजोबांच्या पाळणेवाल्याचाही होता. प्रामाणिकपणे वाटणं आणि तसं वाटण्याचा हक्क कमावणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आता यावर दुसरी बाजूही आहे, आणि ती मला तितकीशी हलकी वाटत नाही. इंग्लंडमध्ये हार्लो या गावी २०१६ च्या ईस्टरच्या जत्रेत असाच एक हवेचा किल्ला वाऱ्याने उडाला आणि आतली सात वर्षांची मुलगी दगावली. तो चालवणाऱ्या दोघांना २०१८ साली तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली. ऑस्ट्रेलियात टास्मानियातल्या डेव्हनपोर्टला १६ डिसेंबर २०२१ रोजी शाळेच्या कार्यक्रमात किल्ला उचलला गेला आणि सहा मुलं गेली. तिथे आठपैकी चारच जागी खुंट्या ठोकल्या होत्या. पण २०२५ साली न्यायालयाने चालक बाईंना निर्दोष ठरवलं. ज्या वावटळीने किल्ला उचलला ती आधी ओळखता येण्याजोगी नव्हती, आणि बाईंनी जास्त काळजी घेतली असती तरी ती दुर्घटना टळली नसती, असा निष्कर्ष निघाला.

या दोन निकालांशेजारी माझा बाक ठेवून बघा. मी एक खुंटी कमी ठोकली आणि मला शाबासकी मिळाली. त्या बाईंनी चार कमी ठोकल्या आणि सहा घरांचं दुःख त्यांच्या दाराशी आलं. माझ्यात आणि त्यांच्यात जो फरक आहे त्यातला माझ्या शहाणपणाचा वाटा किती आणि वाऱ्याचा किती? बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली याच प्रश्नाला 'मॉरल लक' असं नाव दिलं, नैतिक दैव म्हणा हवं तर. आपण माणसाला त्याच्या कृतीवरून तोलतो असं म्हणतो, पण प्रत्यक्षात बऱ्याचदा वाऱ्यावरून तोलतो.

मला वाटतं कायद्याला याहून वेगळं करणं अवघड आहे. आपलं कार्ल्सरूहे म्हणजे न्यायाचं गाव, देशातली दोन सर्वोच्च न्यायालयं इथे आहेत. पण कुठलंही न्यायालय अपघात झाल्यावर बसतं. काय झालं, कशामुळे झालं, पुरावा काय, हे त्याला विचारावंच लागतं. सदसद्विवेकाचं न्यायालय मात्र आधी बसायला हवं, हातात हातोडा असताना. आणि तिथे वाऱ्याचं काय झालं ही साक्ष चालत नाही.

आपल्याकडे एक म्हण आहे, देव तारी त्याला कोण मारी. संकटातून सुटलेल्या माणसाने कृतज्ञतेने म्हणावी अशी ती म्हण. पण खुंटी न ठोकता ती आधीच म्हणून टाकायची आपल्याला खोड आहे. ती खोड महाग पडते. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, जवळजवळ तीनशे माणसं गेली. मी तेव्हा जर्मनीच्या तयारीत होतो. आमच्या आळीतल्या कित्येकांनी त्या पायऱ्या चढलेल्या होत्या. अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, उताराला लागून दुकानं. यातलं त्या दिवशी नवीन काय होतं? दर पौष पौर्णिमेला हे सगळं असंच असायचं, आणि लोक म्हणायचे, "इतकी वर्षं काही झालं नाही." क्लिफर्डचा जहाजमालकही हेच म्हणाला होता. इतकी वर्षं काही झालं नाही, हा सुरक्षिततेचा पुरावा नसतो. बऱ्याचदा ती फक्त उधारी असते, आणि आपल्याला ती शिल्लक वाटते.

मग काय, मुलांना पाळण्यात बसवायचंच नाही? तसं मी म्हणत नाही. धोका शून्य करायचा तर जत्राच नको, सायकल नको, पोहणं नको, आणि खरं म्हणजे वयाच्या पंचविशीत दोन बॅगा घेऊन परक्या देशात येणंही नको. पाळण्यात बसण्याची मजा थोड्या भीतीतच असते. लेकीला ती हवीच आहे, आणि तिला ती मिळायला हवी. प्रत्येक बोल्ट मी स्वतः तपासू शकत नाही. गाडी, लिफ्ट, विमान, भूल देणारा डॉक्टर, सगळीकडे आपण परक्या माणसांच्या हातात जीव देतो. असा विश्वास नसेल तर एक दिवस जगता येणार नाही.

पण म्हणूनच, दुसरे लोक जेव्हा आपल्या शब्दावर जीव ठेवतात तेव्हा तो शब्द फुकटात देऊ नये. स्वतः बसताना मी वाटेल तो धोका पत्करीन, तो माझा प्रश्न. दुसऱ्याच्या पोराला "बस, काही होत नाही" म्हणताना मात्र मी त्याच्या वतीने सही करत असतो. तेव्हा माझ्याजवळ तीनपैकी एक तरी उत्तर हवं : मी स्वतः पाहिलं आहे, किंवा ज्याने पाहिलं त्याच्यावर विश्वास ठेवायला हे कारण आहे, किंवा मला माहीत नाही. तिसरं उत्तर आपण सगळ्यात कमी वापरतो. ते देताना कमीपणा वाटतो, विशेषतः बापांना आणि सल्लागारांना.

आईस्क्रीमबद्दलही एक शब्द. दोर न बांधण्यापेक्षा मला आज त्या आईस्क्रीमची जास्त लाज वाटते. कोपरा उचलला गेला हे मी त्याच संध्याकाळी सांगितलं असतं, तर पुढल्या वर्षी किल्ला लावणाऱ्याला ते कळलं असतं. उडत्या बांधकामांच्या वहीत दुरुस्त्या नोंदतात त्या यासाठीच, की पुढच्या गावातल्या माणसाला मागच्या गावात काय घडलं ते कळावं. थोडक्यात निभावलेली चूक कोणालाही न दुखावता धडा देते, आणि ती लपवणारा त्या धड्याची चोरी करतो. मी दोन वर्षं ती चोरी केली. यंदाच्या मेळ्याआधी मी कार्यकारिणीला हे सगळं सांगितलं. थोडी शांतता पसरली, एकाने "अरे, जाऊ दे" म्हटलं, आणि एका आईने विचारलं, "तेव्हाच का नाही बोललास?" तिचा प्रश्न बरोबर होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आपल्या कामांच्या यादीत "किल्ला लावणे" याच्यापुढे आणखी एक रकाना आहे : "सहाही खुंट्या कोणी हात लावून पाहिल्या?" तिथे नाव लिहायचं, आणि ते नाव लावणाऱ्याचं नको, दुसऱ्याचं हवं. मानहाइमच्या बॉयलरवाल्यांकडून उसनं घेतलेलं शहाणपण.

या वसंतातल्या मेसला लेक आणि मी पुन्हा गेलो. एका नव्या पाळण्यापुढे उभं राहून तिने तोच प्रश्न विचारला, "बाबा, हे नीट आहे ना?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही. चल, विचारू."

पाळणेवाले आजोबा साठीपुढचे असतील. ते चिडतील अशी मला भीती होती. पण त्यांनी गाडी थांबलेली असताना तिला जवळ बोलावलं, कडी कशी बसते ते दाखवलं, ती बसली की कुठला दिवा लागतो ते दाखवलं, आणि म्हणाले की सकाळी उघडण्यापूर्वी मी स्वतः प्रत्येक कडी ओढून बघतो. मग तिला म्हणाले, "आता तू ओढून बघ." तिने दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन ओढली. कडी हलली नाही.

यावरून पाळण्याच्या तुळईत आत गंज नव्हता असं सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. तिलाही मी ते घरी जाताना सांगितलं. ती म्हणाली, "हो, पण निदान आपण विचारलं तरी."

मग आम्ही साखरबदाम घेतले आणि ट्रॅम पकडली.